बारा जुने संगणक, तिसरी ते पाचवीची मुलं आणि ओपन सोर्स: सुरुवात कुठून करावी?

सर, इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. घणसोलीतली मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीने वापरून काढलेले बारा डेस्कटॉप शाळेला दिले, हार्ड डिस्क कोऱ्या करून. मुख्याध्यापकांनी तिसरी ते पाचवीचा संगणकाचा तास तुमच्याकडे सोपवला. तुमचं संगणकाचं शिक्षण एमएस-सीआयटीपर्यंतचं. दुकानदार म्हणतो, ‘विंडोज टाकून देतो, लायसन्सचं बघू नका.’ मित्र म्हणतो, लिनक्स टाका, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तुम्हाला जाणून घ्यायचंय की नेमकं काय काय इन्स्टॉल करायचं, लिनक्सवर शिकून मुलं मागे तर पडणार नाहीत, आणि पालकांनी वर्ड-एक्सेलबद्दल विचारलं तर काय सांगायचं.

मी बरीच वर्षं कळवा ते तुर्भे या पट्ट्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये हेच शिकवते. त्या अनुभवावरून सांगते, ‘कोणतं सॉफ्टवेअर’ हा तुमच्यापुढचा दुसरा प्रश्न आहे. वर्गात चाळीस मुलं, बारातली चालू राहतील अशी नऊ-दहा मशिन्स, आणि जाता-येता धरून पस्तीस मिनिटांचा तास. एवढ्यात प्रत्येक मुलाच्या हातून वर्षाअखेर काय तयार झालेलं असेल, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर ठरलं की सॉफ्टवेअर निवडणं अवघड नाही. ते ठरलं नाही तर कितीही चांगलं सॉफ्टवेअर टाका, तास ‘मॉनिटरचे भाग ओळखा’ आणि ‘सीपीयूचं पूर्ण नाव लिहा’ यातच संपतो.

दुकानदाराला मात्र आजच नाही म्हणा. शाळेत चोरीची प्रत नको हे तर आहेच, पण व्यवहाराची बाजूही बघा. अशा प्रतींवर अपडेट नीट मिळत नाहीत, पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतात आणि दर दोन महिन्यांनी तोच दुकानदार फॉरमॅट करायला येऊन पैसे घेतो. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ तुमच्याकडच्या इतक्या जुन्या मशिनवर अधिकृतपणे चढण्याची शक्यता कमी. म्हणजे तुमच्या बाबतीत लिनक्स हाच सरळ रस्ता आहे.

पण ज्या शाळेत लायसन्स असलेलं विंडोज नीट चालतंय, तिथे मी ते काढायला सांगत नाही. चित्रं काढायचं टक्स पेंट, छोट्या खेळांचं जीकॉम्प्री, वर्ड-एक्सेलसारखं लिबरऑफिस ही सगळी ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारी सॉफ्टवेअर विंडोजवरही चालतात आणि मुलांच्या दृष्टीने तास तोच राहतो. ऑफिसातलं एक मशिनही क्लार्कच्या सवयीप्रमाणे राहू द्या. तिथला प्रिंटर, सरकारी फॉर्म, जुन्या फॉन्टमधल्या फायली यांवरून वाद ओढवून घेतलात तर लॅबचं काम मागे पडेल.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. सर्वांत आधी वीज. शाळेची इमारत जुनी असेल तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते दुरुस्त होईपर्यंत एकही मूल त्या खोलीत जाऊ देऊ नका. यात तडजोड नाही. मग मशिनची ताकद. प्रोसेसर ६४-बिट आणि रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती आरामात चालते. २ जीबीवरही चालते, पण ब्राउझर उघडला की दम लागतो. अगदी जुनं ३२-बिट मशिन निघालं तर डेबियन १२ हा लिनक्सचा दुसरा प्रकार टाकता येईल, कारण १३ पासून डेबियननेही ३२-बिटचं इन्स्टॉलेशन बंद केलं. बाराही मशिन जगवण्याचा हट्ट धरू नका. दोन मशिनची रॅम काढून दुसऱ्या दोघांना लावलीत तर दहा चांगली मशिन मिळतात. थोडे पैसे हाताशी असतील तर ते हार्ड डिस्कऐवजी लहान एसएसडीवर घाला. जुन्या मशिनमध्ये जेवढा फरक त्याने पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतील.

एक मशिन मनासारखं तयार करा आणि क्लोनझिला वापरून त्याचीच प्रत बाकीच्यांवर उतरवा. ओपन सोर्सचा शाळेला मोठा फायदा इथे दिसतो. एकच रचना दहा मशिनवर उतरवताना कुणाची परवानगी लागत नाही, आणि उद्या एखाद्या पालकाने घरच्या लॅपटॉपसाठी मागितली तर पेन ड्राइव्हवर देता येते. प्रत्येक मशिनवर दोन खाती ठेवा: ‘शिक्षक’, पासवर्डसह, आणि ‘विद्यार्थी’, ज्याला काही इन्स्टॉल करता किंवा काढता येणार नाही. विद्यार्थी खात्याच्या होम फोल्डरची एक कोरी प्रत बाजूला ठेवली की मुलांनी पॅनेल हलवलं, आयकॉन उडवले, स्क्रीन उलटी केली तरी पाच मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. मुलांच्या कामाच्या फायली मात्र त्याआधी काढून ठेवा. बिघडेल म्हणून मुलांना हात लावू न देणारे शिक्षक मी खूप पाहिले आहेत. ती भीती आधी आपल्या मनातून जायला हवी, आणि ती अशा तयारीने जाते.

कुणी तुम्हाला एक सर्व्हर आणि बाकी सगळी नुसती टर्मिनल अशी रचना सुचवेल. एलटीएसपी नावाचा तो प्रकल्प उत्तम आहे. पण नेटवर्क सांभाळणारा माणूस शाळेत रोज नसेल तर एका सर्व्हरपायी अख्खा वर्ग बंद पडतो. तुमच्यासाठी सुटी मशिनंच बरी.

आता तास. चाळीस मुलं एकदम लॅबमध्ये बसवू नका. वीस मुलं संगणकावर, एका मशिनवर दोघं. उरलेली वीस त्याच खोलीत सतरंजीवर, चौकटीचा कागद घेऊन. जोडीतल्या एकाच्या हातात माउस, दुसऱ्याच्या हातात कामाचा कागद. कागदवाला सांगणार, माउसवाला करणार. कागदवाल्याने माउसला हात लावायचा नाही. बारा मिनिटांनी अदलाबदल. हा नियम कडक ठेवा, नाहीतर वर्गातली चार हुशार आणि धीट मुलंच वर्षभर माउस धरतात. मुलींच्या बाबतीत तर हे हमखास होतं, म्हणून पहिली पाळी मुद्दाम त्यांना देते.

तिसरीच्या पहिल्या सत्रात माउस आणि चित्र, एवढंच. जीकॉम्प्री हे दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचं सॉफ्टवेअर २००० साली फ्रान्समध्ये सुरू झालं आणि आज केडीई या ओपन सोर्स प्रकल्पाचा भाग आहे. त्यात पाण्यातल्या माशांवर क्लिक करणं, फुटबॉलला डबल क्लिकने किक मारणं असे छोटे खेळ आहेत. बहुतेक कृती चित्रांवरूनच कळतात, त्यामुळे भाषेचा अडसर कमी येतो. आठ वर्षांच्या मुलाला डबल क्लिक खरोखर जड जातं. माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करून ठेवा, अर्धी रडारड थांबेल.

पण जीकॉम्प्रीवर तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळू नका. त्यात मूल आयतं खेळतं, स्वतःचं काही बनवत नाही. बनवायला टक्स पेंट. २००२ पासूनचं हे सॉफ्टवेअर मुलांसाठीच लिहिलंय आणि त्याचा इंटरफेस मराठीत करता येतो. सेव्ह करताना ते फाइलचं नावही विचारत नाही, जपलेली चित्रं उघडताना छोट्या चित्रांच्या रूपात समोर मांडतं. तुमच्यासाठी मात्र एक अडचण होते, चाळीस चित्रांतलं कुणाचं कोणतं ते कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून चित्राच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक टाकायची सवय लावा. चित्रं होम फोल्डरमधल्या ‘टक्सपेंट’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जातात. लपवलेल्या फायली दाखवा हा पर्याय चालू केला की दिसतात. दर महिन्याला ती पेन ड्राइव्हवर काढून घ्या. छापून वर्गात लावण्यासाठीही तीच उपयोगी पडतात. ठशांचा संच वेगळा इन्स्टॉल करावा लागतो. तो विसरू नका, मुलांना ठसे फार आवडतात. फक्त विषय तुम्ही द्या. ‘काहीही काढा’ म्हटलं की वीसच्या वीस मुलं डोंगर, सूर्य आणि झोपडी काढतात. ‘आपल्या गल्लीत पाणी साचलं तेव्हा’ म्हटलं की वीस वेगळी चित्रं येतात.

चौथीत मराठी टायपिंग. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण मराठी शाळेत संगणकाचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे दिसतो आणि बहुतेक ठिकाणी हाच भाग गाळला जातो.

मोठी माणसं फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, म्हणून शाळेतही तेच शिकवावं असं अनेकांना वाटतं. पण चौथीतल्या मुलाला वर्णमाला आणि बाराखडी पक्की येते, इंग्रजी स्पेलिंग अजून कच्चं असतं. ‘घर’ लिहायला त्याने आधी इंग्रजीत विचार का करावा? म्हणून मी इनस्क्रिप्ट ही देवनागरी अक्षरांची कीबोर्ड मांडणी शिकवते. लिनक्स असो की विंडोज, इनस्क्रिप्ट आत असतंच, फक्त कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायचं. त्याची मांडणी वर्णमालेवर बेतलेली आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांश उजव्या हाताला. इंग्रजी ‘के’च्या बटणावर क आणि शिफ्ट धरून ख. तसंच ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. डावीकडे नुसतं बटण दाबलं की मात्रा, शिफ्ट धरून तोच स्वर. मुलांना हे एकदा दाखवलं की निम्मा कीबोर्ड ती स्वतः शोधून काढतात.

क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात फक्त मधल्या ओळीची उजवी बाजू: प, र, क, त, च, ट. यात मात्रा नाही, तरी शब्द होतात: कर, तर, पट, परत, करत, कपट. दुसऱ्या आठवड्यात त्याच ओळीची डावी बाजू, म्हणजे ओ, ए, पहिली वेलांटी आणि पहिला उकार यांच्या मात्रा: पोट, चोर, रोप, केर, तुरट. मग वरच्या ओळीतला काना आणि दुसरी वेलांटी: काका, चाक, पाटी. असं करत दिवाळीपर्यंत मुलं दोन-तीन ओळी लिहू लागतात. वेगाचा आग्रह अजिबात धरू नका. सतरंजीवरच्या वीस मुलांना कीबोर्डचं चित्र छापलेला कागद द्या. ती त्यावर बोटं ठेवून तेच शब्द ‘टाइप’ करतात आणि जोडीदार अक्षरं मोठ्याने म्हणतो. देवनागरी स्टिकर मिळाले तर ठीक, नाहीतर मार्करने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी.

यातून भाषेचाही अभ्यास होतो. ‘सूर्य’ आणि ‘चंद्र’ हे दोन शब्द एका दिवशी द्या. दोन्हींत र आहे आणि पाय मोडायचं बटणही आहे, पण सूर्यमध्ये आधी र, मग पायमोड, मग य. चंद्रमध्ये द, पायमोड आणि शेवटी र. वहीत रफार य च्या डोक्यावर काढणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच समजतं की उच्चारात र आधी येतो. ‘पुस्तक’मध्ये अर्धा कोण, स की त, हे बोटांना ठरवावं लागतं. जोडाक्षरं चुकणारी मुलं या तासाला ती सुधारतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. मराठीच्या बाईंना एकदा हा तास बघायला बोलवा, पुढे त्याच तुमच्या बाजूने बोलतील.

लिखाण लिबरऑफिस रायटरमध्ये करा. सेटिंगमध्ये भाषांच्या भागात जाऊन मराठी निवडावी लागते. फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला मुक्ता ठेवा किंवा नोटो, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. निवडताना ल आणि श कसे दिसतात ते बघा. काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा, उभ्या दांड्याचा ल येतो आणि मुलं विचारतात, हे कुठलं अक्षर? काही फॉन्ट मजकुराची भाषा मराठी ठेवली की मराठी वळण आपोआप देतात. आणि सगळं युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत असल्यामुळे मुलाने लिहिलेल्या चार ओळी आईच्या फोनवर जशाच्या तशा वाचता येतात. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लिहिल्या तर ते जमत नाही.

पाचवीत दोन कामं. पहिलं स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर. त्याचं अधिकृत डेस्कटॉप ॲप लिनक्ससाठी येत नाही, म्हणून टर्बोवार्प घ्या. ते स्क्रॅचवरच बेतलेलं ओपन सोर्स ॲप आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. पण स्क्रॅच उघडण्याआधी दोन-तीन तास फक्त ठिपक्यांची रांगोळी. एका मुलाने चौकटीच्या कागदावर साधी रांगोळी काढायची आणि न दाखवता दुसऱ्याला सांगायची: दोन घरं उजवीकडे, एक वर, वळ. दुसऱ्याची रांगोळी चुकली की सूचना कुठे चुकली ते दोघांनी शोधायचं. एकच आकार चारदा येतो तेव्हा कुणीतरी आपणहून म्हणतं, ‘हेच चार वेळा कर’. त्याच दिवशी स्क्रॅचमधला ‘रिपीट’चा ठोकळा दाखवा, तो शिकवावा लागत नाही. पेन हे एक्स्टेन्शन जोडून मुलं मग तीच रांगोळी पडद्यावर काढतात.

दुसरं काम लिबरऑफिस कॅल्क, आणि त्यासाठी आपला पाऊस. प्लॅस्टिकची सरळ बाटली कापून, पट्टी चिकटवून गच्चीवर ठेवा. जुलैमध्ये मुलांनी रोज आकडा लिहायचा, महिनाअखेर तो तक्त्यात भरायचा आणि स्तंभालेख काढायचा. बेरीज, सरासरी, सर्वांत जास्त पावसाचा दिवस हे सगळं त्यात येतं. गणिताच्या पुस्तकातला स्तंभालेख मुलांना तेव्हा आपलासा वाटतो.

आता पालक. त्यांची काळजी खोटी नाही, त्यांनी नोकरीच्या जाहिरातीत वर्ड-एक्सेल वाचलेलं असतं. त्यांना शांतपणे सांगा की ऑफिस २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच मेनू काढून रिबन आणली, तेव्हा मेनू पाठ केलेल्यांना पुन्हा शिकावं लागलं. मजकूर निवडणं, हलवणं, जपून ठेवणं, पुन्हा शोधणं, तक्त्यात आकडे मांडणं हे ज्याला समजलं तो कोणत्याही प्रोग्रामवर आठवड्याभरात रुळतो. आठ वर्षांचं मूल नोकरीला लागेल तेव्हाच्या पडद्यावर काय असेल ते आज ठरवता येत नाही. केरळचं उदाहरणही द्या. तिथला ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला आणि नंतर सरकारी शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणलं गेलं. २०१७ पासून ‘काइट’ ही संस्था ते काम बघते, स्वतःची लिनक्स आवृत्तीही काढते. मात्र त्यांच्यामागे शिक्षकांचं प्रशिक्षण आणि पाठ्यपुस्तकं उभी आहेत, तुमच्यामागे सध्या तुम्हीच आहात. त्यामुळे पहिल्या वर्षी तिन्ही इयत्तांना एकदम सुरुवात करू नका. एक इयत्ता घ्या, शक्यतो चौथी, आणि पहिले दोन महिने तिला माउस आणि टक्स पेंट द्या. पण पालकांना पटवण्याचा खरा मार्ग त्यांच्या मुलाच्या नावाने छापलेला मराठी कागदच. दिवाळीच्या आधी प्रत्येक मुलाने घरच्यांना चार ओळींचं पत्र लिहावं, शाळेने ते छापून द्यावं.

तुमच्या स्वतःच्या तयारीसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे व्हिडिओ बघा. लिबरऑफिससकट बऱ्याच विषयांवरचे मराठीत आहेत, छोटे आहेत, आणि थांबवत थांबवत बरोबरीने करून बघता येतात. इंटरनेटची घाई नको. या वयाला लॅबमध्ये त्यावाचून काही अडत नाही. हवंच असेल तर किविक्स या ॲपमध्ये मराठी विकिपीडिया ऑफलाइन ठेवता येतो.

आपल्याकडच्या पावसाळ्याबद्दल एक सूचना. मशिनं आठवडेच्या आठवडे बंद ठेवली तर दमटपणाने खराब होतात, म्हणून जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास तरी सगळी चालू करा. आणि एखाद्या मशिनवर तारीख भलतीच दिसू लागली, ब्राउझर सगळ्या साइट असुरक्षित म्हणू लागला, तर मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी बदला. तेवढ्यासाठी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पुढचं सांगण्यासाठी मला तीन गोष्टी हव्यात: प्रोसेसरचं नाव, रॅम किती, आणि बारा मशिन एकाच मॉडेलची आहेत की वेगवेगळी. मशिन सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबलं की बायोसमध्ये पहिल्या दोन गोष्टी दिसतील. मॉडेल एकच असेल तर क्लोनझिलाचं काम एका शनिवारी उरकेल. वेगवेगळी असतील तर कोणतं मशिन आधी घ्यायचं ते यादी बघून सांगते.